मेंबर म्हणतात

"मेंबर म्हणतात, उद्या या." हे वाक्य भाईसाहेब दिवसातून वीस वेळा म्हणायचे, आणि त्यातल्या निम्म्या वेळी मेंबरना त्याचा पत्ताही नसायचा. एकदा मेंबर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लंडनला गेले होते, चांगले महिनाभर. त्या महिन्यात मेंबर रोज काही ना काही म्हणत होते. एकाला म्हणाले, तुमच्या गल्लीतला दिवा आठवड्यात लागेल. तो लागला. दुसऱ्याला म्हणाले, तुमची भिंत हद्दीबाहेर आलीय, आधी ती पाडा, मग बोलू. तो माणूस पाय आपटत गेला, पण भिंत पाडली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा राहून हे ऐकायचो आणि मनात म्हणायचो, मेंबरला तिकडं उचक्या लागत असतील.

मेंबर म्हणजे बलदियाच्या कौन्सिलवर निवडून आलेले आमचे कुवेती मालक. बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. रुमैथियात त्यांचं घर, घराला लागून दिवाणिया, म्हणजे पुरुषांची बैठक, आणि बैठकीला लागून दोन खोल्यांची कचेरी. ती कचेरी भाईसाहेब चालवायचे. श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान. मेंबरच्या वडलांकडं टायपिस्ट म्हणून आले, आणि मुलगा निवडून आला तेव्हा सगळी कचेरी त्यांच्या अंगावर पडली. दारावर अरबीत त्यांच्या हुद्द्याची पाटी होती. ती मला वाचता यायची नाही, पण ठोकली मी, आणि सरळ ठोकली.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. आयुष्यभर त्यांनी कागदाखाली दुसऱ्याचं नाव घातलं, आता मी त्यांचं नाव छापायला देणं त्यांना आवडलं नसतं. आम्ही सगळे भाईसाहेब म्हणायचो, तेच पुरे. मी चौथीपर्यंत शिकलेला सुतार आहे. वाक्य कुठं वाकडं आलं तर तुम्ही सरळ करून वाचा.

त्यांची माझी ओळख भांडणातून झाली. फायलींसाठी फडताळ करायला मला बोलावलं होतं. भाईसाहेब म्हणाले, तीस खण पाहिजेत. मी म्हटलं, या भिंतीवर चोवीसच बसतील, तीस केले तर खणात हात जाणार नाही. ते म्हणाले, हात माझा आहे. मी म्हटलं, फडताळ माझं आहे. अर्धा तास असं चाललं. शेवटी चोवीसच झाले. झाल्यावर त्यांनी एकेका खणात हात घालून बघितला आणि म्हणाले, "मेंबर म्हणतात, चोवीसच बरोबर."

पुढं अम्गरा भागातल्या वर्कशॉपमध्ये मशीनवर माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. हात बरा झाला, पण कामावर कुणी घेईना. मी गावाला निघालो होतो. तेव्हा भाईसाहेबांचा निरोप आला की मेंबरना चहा करणारा माणूस पाहिजे. मी सांगितलं, मी मेस्त्री आहे, चहावाला नाही. दुसऱ्या दिवशी परत निरोप आला, की कचेरीत मेस्त्रीच पाहिजे, चहा तो सवडीनं करील. मग गेलो. आणि शेवटपर्यंत त्यांनी मला मेस्त्रीच म्हटलं. "मेस्त्री, दोन चहा" असं हाक मारून सांगायचे, की बाहेरच्याला वाटावं, चहा ही मोठी कारागिरी आहे.

तुम्ही निवडून आलेल्या माणसांच्या कचेऱ्या बघितल्या असतील. कुणाचा मेहुणा आला की त्याचं काम पुढं, गरिबाचं मागं. इथं वास्ता म्हणतात त्याला. भाईसाहेबांकडं कागद आला की ते पहिल्यांदा पेन्सिलीनं कोपऱ्यात नंबर घालायचे. मेंबरचा सख्खा चुलतभाऊ गाडी दारातच उभी करून आला होता, त्याच्या कागदावरही नंबर घातला. तो म्हणाला, मी कोण आहे ठाऊक आहे ना. भाईसाहेब म्हणाले, "ठाऊक आहे. एकोणीस." चुलतभाऊ आतल्या दारानं मेंबरकडं गेला. मेंबर बाहेर आले, भाईसाहेबांकडं बघितलं, आणि परत आत गेले. एकोणीसचं काम अठरानंतर झालं.

त्यांची दुसरी रीत मला सुरवातीला खुळेपणाची वाटायची. कुणाविरुद्ध तक्रार आली की ते तो कागद तसाच मेंबरसमोर ठेवायचे नाहीत. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्या घरी शुक्रवारी स्वतः जायचे, त्याचं म्हणणं दुसऱ्या कागदावर लिहून घ्यायचे, आणि दोन्ही कागद टाचणीनं जोडून मंगळवारी ठेवायचे. मंगळवारी संध्याकाळी मेंबर दिवाणियात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायचे. एका माणसानं शेजारणीच्या बोरीच्या झाडाविरुद्ध लिहिलं, की पानं माझ्या अंगणात पडतात, तोडा. भाईसाहेब उन्हात कोट घालून त्या म्हातारीकडं गेले. तिनं दारातूनच सांगितलं की झाड नवऱ्यानं लावलंय आणि नवरा गेलाय. एवढंच लिहून आणलं. मंगळवारी ते वाचल्यावर तक्रारवाला बराच वेळ दाढी कुरवाळत बसला आणि म्हणाला, एक फांदी तोडली तरी चालेल.

मी विचारलं होतं, कशाला एवढी पायपीट, तुम्हाला कोण विचारतंय. ते म्हणाले, "मेंबरला मतं दोन्ही घरांतून पडतात. मला एकाही घरातून नाही. मग मी नाही गेलो तर कोण जाणार?"

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

आम्ही आठ जण रुमैथियातच एका जुन्या घरात राहायचो, कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर. सगळे सुतार, सगळे कोकणातले, सगळे बायकामुलं गावाला ठेवून आलेले. म्हणजे इथल्या भाषेत बॅचलर, मग नातवंडं झालेली असोत. रुमैथिया म्हणजे फॅमिलीवाल्या कुवेती लोकांची वस्ती. तिथं बॅचलर राहणं कायद्यात बसत नाही. तक्रार झाली की बलदियाची माणसं येतात, आधी वीज कापतात, मग सामान बाहेर. जुलै महिना होता. वीज नसेल तर त्या महिन्यात घरात माणूस टिकत नाही. वर आमच्यातला लांज्याचा एक जण शिडीवरून पडून पाय प्लास्टरमध्ये घेऊन बसला होता.

एका रविवारी दुपारी कचेरीत एक रिटायर झालेला शिक्षक आला. आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहणारा. मी त्याला मनात मास्तर म्हणायचो. अरबी मला वाचता येत नाही, पण ऐकलेलं सगळं समजतं. मी चहा ठेवत होतो. तो आमच्याबद्दलच सांगत होता. घरासमोर दोरीवर कपडे वाळतात, लाकूड आणणारी गाडी त्याच्या फाटकापुढं उभी राहते, मुलींना रस्त्यानं जाताना लाज वाटते, आणि शुक्रवारी सकाळी माणसं झोपलेली असताना कुणीतरी करवत चालवतो.

करवत मी चालवायचो. आठवडाभर चहा करून माझा हात शिवशिवायचा. शुक्रवारी अंगणात एखादं स्टूल, एखादा पाट करायचो. आठ बोटांनी होतं की नाही, हे मला बघायचं असायचं.

मास्तरनं कागद दिला, खाली शेजाऱ्यांच्या सह्या होत्या. भाईसाहेबांनी तो वाचला. आमचं घर त्यांना ठाऊक होतं, ईदचा शिरखुर्मा ते दरवर्षी तिथं पोचवायचे. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. पेन्सिल घेतली आणि कोपऱ्यात नंबर घातला. छत्तीस.

मला वाटलं होतं, हा एक कागद तरी ते बाजूला ठेवतील. नंबर घातल्यावर माझं डोकं फिरलं. म्हटलं, याच माणसानं मला ठेवून घेतलं, आणि हाच आम्हाला रस्त्यावर काढतोय. ते नमाजाला गेले तेव्हा मी ट्रेमधून छत्तीस काढला आणि माझ्या कपाटात साखरेच्या डब्याखाली घातला. येत्या शुक्रवारी ते आमच्याकडं येणारच होते, आमचं म्हणणं लिहून घेणारच होते, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. दुसऱ्यांसाठी मी ते शंभर वेळा बघितलं होतं. आपल्यावर आलं की माणूस शहाणपण विसरतो.

सोमवारी भाईसाहेब दुसऱ्या दिवशीचे कागद लावत बसले. ज्या कागदाला दुसरं म्हणणं जोडायचं राहिलं असेल, तोही मंगळवारी नंबरानं पुकारून पुढची तारीख द्यायचे. मोठ्यानं नंबर म्हणायचे, ही त्यांची सवय. "तेहेतीस, चौतीस, पस्तीस, सदतीस." थांबले. परत म्हणाले. मग फडताळाचे चोवीसच्या चोवीस खण बघितले, टेबलाखाली वाकून बघितलं, केराची टोपली उलटी केली.

"मेस्त्री, छत्तीस बघितलास?"

मी म्हटलं, "मला कुठं वाचता येतं?"

"आकडे येतात की. फूटपट्टी काय डोळे मिटून वापरतोस?"

मी म्हटलं, मला साखर संपलीय ती आणायला जायचंय. ते कपाटाकडं बघत राहिले, मग म्हणाले, "बरं." त्या कचेरीतून आजवर एक कागद गहाळ झाला नव्हता. मेंबर निवडणुकीच्या भाषणातसुद्धा हे सांगायचे. मला हे सगळं माहीत होतं, तरी मी गप्प राहिलो आणि साखर आणायला गेलो.

मंगळवारी दिवाणिया भरली होती. नंबराप्रमाणे एकेक कागद होत गेला. पस्तीस झाला, सदतीस सुरू झाला, तसा मास्तर उठून उभा राहिला. म्हणाला, माझा कुठं आहे? सगळ्यांच्या माना भाईसाहेबांकडं वळल्या. मी कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली घेऊन भिंतीला लागून उभा होतो.

भाईसाहेब म्हणाले, "माझ्याकडून हरवला."

मेंबर चढ्या आवाजाचा माणूस नव्हे. पण त्या दिवशी असे बोलले की गल्लीत ऐकू गेलं असेल. इतकी वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला त्याचं हे फळ, लोक मला निवडून देतात आणि तू त्यांचे कागद हरवतोस, तुझं वय झालं, उद्या किल्ल्या टेबलावर ठेव आणि घरी जा. भाईसाहेब मान खाली घालून उभे. कोटाचं बटण हातानं फिरवत होते. बसलेल्यांपैकी कुणी त्यांच्याकडं बघेना.

आता बोल, असं मी स्वतःला म्हणत होतो. तोंड उघडलंही असेल. पण बोललो तर आठ जणांचं घर जाईल, हे एक, आणि चोर म्हणून या लोकांपुढं उभं राहावं लागेल, हे दुसरं. खरं सांगायचं तर दुसरंच मोठं होतं. मी बोललो नाही.

बोलला तो मास्तर. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "जाऊ द्या. म्हातारा माणूस आहे. माझ्या कागदापायी कुणाच्या पोटावर पाय नको."

मेंबर ऐकेनात. मास्तरनं दोनदा, तीनदा विनवलं, इथल्या रीतीप्रमाणं त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं. तेव्हा कुठं मेंबर म्हणाले, ठीक आहे, तुमच्या शब्दाखातर राहू दे त्याला. मग भाईसाहेब हळूच पुढं झाले आणि मास्तरला म्हणाले, कागद आता नव्यानं घ्यायला हवा, त्या माणसांचं म्हणणंही जोडायला हवं, त्याला वेळ लागेल. मास्तर म्हणाला, घ्या सावकाश, उन्हाळ्यात कोण कुठं घर शोधणार, शाळा सुरू झाल्यावर बघू.

म्हणजे आम्हाला दोन महिने मिळाले.

बुधवारी सकाळी मी छत्तीस नंबर त्यांच्या टेबलावर ठेवला. चहा घेऊन गेलो तेव्हा टेबलावर काही नव्हतं.

शुक्रवारी भाईसाहेब आमच्या घरी आले. चटईवर बसले, आमच्याबरोबर बांगड्याचं सार आणि भात जेवले, प्लास्टरवाल्याच्या पायावर आपलं नाव अरबीत लिहून त्याला हसवलं. मग वही काढली आणि एकेकाला विचारून लिहीत गेले. कपडे गच्चीवर वाळत घालू. गाडी मशिदीमागं उभी करू. सप्टेंबरात जागा सोडू. माझ्यापाशी आले. "मेस्त्री, तुझं म्हणणं?"

मी म्हटलं, काही नाही.

"शुक्रवारची करवत लिहू?"

"लिहा. बंद म्हणून लिहा."

त्यांनी लिहिलं. मी त्यांना सोडायला दारापर्यंत गेलो. म्हटलं, "भाईसाहेब, तो कागद..."

ते चपला घालत होते. वर न बघता म्हणाले, "मेंबर म्हणतात, तो कागद हरवला." आणि गेले. परत तो विषय मला काढता आला नाही. मी हट्टी आहे, पण ते माझ्याहून हट्टी होते.

सप्टेंबरात आम्ही बनेद अल-गारला जागा घेतली. मी तिथून बसनं कचेरीत यायला लागलो. मास्तर कधी कचेरीत आला की भाईसाहेबांशी फार प्रेमानं बोलायचा, लहान भावाची चौकशी करावी तसं. कागद नीट ठेवा हं, असं जाताना सांगायचा. भाईसाहेब मान हलवायचे. मला ते बघवायचं नाही. मी आत जाऊन कप विसळत बसायचो.

गेल्या हिवाळ्यात भाईसाहेबांनी काम सोडलं. डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. पेन्सिलीचे नंबर मोठे मोठे होत गेले होते, शेवटी तर कोपऱ्यात मावेनात. ते श्रीवर्धनला मुलीकडं गेले. तीन-चार महिन्यांनी तिकडून फोन आला, की सकाळी नमाजाला उठले आणि गेले.

इथं कुवेती माणूस गेला की तीन दिवस दिवाणियात लोक भेटायला येतात. हिंदुस्थानी कारकुनासाठी असं कुणी करत नाही. मेंबरनी एक संध्याकाळ केली. सगळी गल्ली आली. चुलतभाऊ आला. मी सगळ्यांना कहवा देत होतो. बसणारे कमी झाले तेव्हा मेंबर एकटे आतल्या खोलीत, भाईसाहेबांच्या खुर्चीपाशी उभे होते. मी जाऊन सांगितलं. एका दमात सांगितलं, की तो कागद त्यांनी हरवला नव्हता, मी चोरला होता, आणि आता मला ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा.

मेंबर म्हणाले, "मला ठाऊक आहे. सोमवारी रात्री त्यानं मला फोन केला होता. कागद मिळत नाही म्हणाला. कुणी घेतला ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणाला, उद्या चारचौघांत मला मोठ्यानं बोला. इतकं बोला की मास्तरलाच माझी दया आली पाहिजे. मी म्हटलं, हे मला जमणार नाही. तर म्हणाला, मी लिहून देतो."

मी हातातली किटली खाली ठेवली.

"किल्ल्या टेबलावर ठेव, हेही त्यानंच लिहिलं होतं," मेंबर म्हणाले. मग म्हणाले, "मास्तरला यातलं काही बोलू नकोस. आपण एका माणसाची नोकरी वाचवली असं तो अजून सगळ्यांना सांगतो. त्याला चांगलं वाटतं. भाईसाहेबांचा तोच निरोप होता."

मी किटली घेऊन बाहेर आलो. मास्तर कोपऱ्यात बसला होता, पुष्कळ थकलेला. त्यानं छोटा कप पुढं केला. मी ओतत असताना तो बाजूच्या माणसाला म्हणाला, "फार चोख माणूस होता. इतक्या वर्षांत एकदाच चुकला." आणि माझ्याकडं बघून विचारलं, "खरं की नाही?"

आयुष्यात मी कुणाचं खोटं ऐकून घेतलेलं नाही, माझ्या बायकोला विचारा.

मी म्हटलं, "हो, एकदाच." आणि पुढच्या माणसाकडं गेलो.